धड नॅशनल गॅलरीत, डोकं वॅलेसमध्ये

आमच्या ऑनलाइन गोतावळ्यात दोन दंडक आहेत. सुटं गाणं पाठवायचं नाही, पाठवायचा तर अख्खा अल्बम. आणि संग्रहालयात जाऊन आलात तर फोटोंचा ढीग ओतायचा नाही. एकच वस्तू निवडायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. हे कधी ठरलं ते आता कुणालाच आठवत नाही. बहुतेक पॅरिसहून परतल्यावर एकीनं लूव्रचे इतके फोटो टाकले की सगळ्यांचे फोन कुरकुरायला लागले, त्यानंतरच.

गोतावळा म्हटलं खरं, पण यातल्या एकालाही मी प्रत्यक्ष भेटलेले नाही. समोरासमोर आलो तर ओळखू का, शंकाच आहे. मात्र कुणाला गिटारचा कल्लोळ सोसतो, कुणाला गायक रडवेला झाला की वैताग येतो, कोण चौथ्या गाण्याला ढेपाळतं, हे पक्कं माहीत. नावांऐवजी आम्ही गावं वापरतो. लंडनकर मूळची साताऱ्याची, बर्लिनकर नागपूरचा, सिॲटलकर ठाण्याचा. मँचेस्टरकर तेवढा जन्मानं तिथलाच, अस्सल इंग्रज. त्यालाही 'कर' लावून आपल्यात घेतलाय. मी पुणेकर. म्हणजे मूळची डोंबिवलीची, पण ते पुण्यात फार बोलायचं नसतं.

सुटं गाणं पाठवणं म्हणजे रस्त्यात भेटल्यावर हात हलवणं. अल्बम पाठवणं म्हणजे 'घरी जेवायला ये.' समोरच्यानं तासभर काढून यावं लागतं, आणि पहिल्या गाण्यानंतर पाचवं का ठेवलं नाही असं विचारायची सोय नसते. संग्रहालयाचं उलटं. तिथं इतकं मांडून ठेवलेलं असतं की दुसऱ्या दालनातच पाय बोलायला लागतात. म्हणून आपल्या वतीनं कुणीतरी एक वस्तू निवडून आणली की बरं वाटतं.

आम्हाला एकत्र बांधणारं म्हणजे आल्टरनेटिव्ह रॉक. ते नेमकं कशाला म्हणायचं यावर अधूनमधून जुंपते. एकेकाळी जे मोठ्या रेडिओ स्टेशनांवर वाजत नव्हतं ते आल्टरनेटिव्ह, इथवर सगळे एका सुरात. पण १९९१ साली सिॲटलच्या रॉकमधून पुढे आलेल्या निर्वाना बँडचा 'नेव्हरमाइंड' आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्यानं अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या अल्बम-यादीत थेट मायकल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं. मग आल्टरनेटिव्ह राहिलंच कुठं, असं बर्लिनकर म्हणतो. यावर सिॲटलकर दोन दिवस बोलत नाही.

त्याच सिॲटलकरानं एकदा स्मॅशिंग पंपकिन्सचा 'मेलन कॉली अँड द इन्फिनिट सॅडनेस' पाठवला. १९९५ चा अल्बम. दोन सीडी, अठ्ठावीस गाणी, दोन तासांहून जास्त ऐवज. पहिल्या सीडीचं नाव 'डॉन टू डस्क', दुसरीचं 'ट्वायलाइट टू स्टारलाइट'. थोडक्यात, ऐकणाऱ्यानं रजा टाकावी. मला तो आधीपासून पाठ होता. मुखपृष्ठावर निळ्याशार आकाशात एका ताऱ्यातून अर्धी बाहेर आलेली बाई आहे, नजर वर लागलेली. कुणीतरी त्या अल्बमसाठीच काढली असेल असं मी धरून चालले होते. तेवढ्यात लंडनकरनं लिहिलं, "ही बाई मी बघितलीय. अर्धी."

तर भानगड अशी. मुखपृष्ठ करणारा जॉन क्रेग हा कात्रणं जोडून चित्रं करणारा माणूस. बँडचा म्होरक्या बिली कॉर्गन त्याला फॅक्सवरून वेडीवाकडी रेखाटनं धाडायचा. क्रेगनं धड घेतलं राफाएलच्या संत कॅथरिनचं. हे चित्र साधारण १५०७ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत. आणि चेहरा घेतला ग्रूझ नावाच्या फ्रेंच चित्रकाराच्या 'द सुव्हेनीर'मधल्या मुलीचा, जी अठराव्या शतकाच्या अखेरची आणि त्याच लंडनमध्ये वॅलेस कलेक्शनमध्ये मुक्कामाला. दोघींत पावणेतीनशे वर्षांचं अंतर, पण पायी निघालं तर अर्ध्या तासाचं.

लंडनकर एका रविवारी ते चालली. दोन्हीकडे प्रवेश फुकट, त्यामुळे सातारी मनालाही बोच नाही. ट्रॅफल्गर चौकात राफाएलपुढे उभी राहून तिनं फोनवर अल्बमचं मुखपृष्ठ उघडलं आणि ताडून पाहिलं: छातीवर ठेवलेला उजवा हात तोच, अंगावरचा झगा तोच. कॅथरिनचा डावा हात ज्या चाकावर टेकलाय ते मात्र कात्रीत गेलं. त्या चाकावरच तिला मारायचं ठरलं होतं, पण दंतकथा सांगते की चाकच मोडलं आणि मग तिचा शिरच्छेद झाला. म्हणजे पंपकिन्सच्या कृपेनं बिचारीचं डोकं दुसऱ्यांदा उडालं. तिथून रीजंट स्ट्रीटची गर्दी चुकवत ती मँचेस्टर स्क्वेअरला पोचली आणि डोकं पाहून आली. दोन फोटो टाकल्याबद्दल तिच्यावर नियमभंगाचा ठपका आला. तिचं उत्तर: "वस्तू एकच आहे. दोन ठिकाणी ठेवलीय त्याला मी काय करू?"

मान्य करावं लागलं.

ह्या हिशेबानं नॅशनल गॅलरी हे रॉकवाल्यांचं तीर्थक्षेत्रच म्हणायला हवं. न्यू ऑर्डरच्या १९८३ च्या 'पॉवर, करप्शन अँड लाइज'वर जी गुलाबांची टोपली आहे, ती फाँतँ-लातूरची, तिथलीच. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. नुसती फुलं आणि कोपऱ्यात रंगीत चौकोन.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत हे दोन्ही शौक एकाच चौकात भागायचे. डोंबिवलीहून व्हीटी, तिथून चालत काळा घोडा. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याला लागून जहांगीर कलादालन, आणि रस्ता ओलांडला की ऱ्हिदम हाउस. एका जागी पेंढा भरलेले प्राणी आणि लघुचित्रं बघायची, दुसऱ्या जागी कॅसेटी चाळायच्या. विकत घेण्यापेक्षा चाळणंच जास्त. दुकानातला माणूस आपल्याला ओळखत नसे, तरी आपण काय उचललं यावरून तो आपल्याला जोखतोय असं वाटायचं आणि उगाच एखादी भारदस्त कॅसेट हातात धरली जायची. २०१६ साली ऱ्हिदम हाउस बंद झालं. जोखण्याचं काम आता हे न भेटलेले लोक करतात, आणि त्या माणसापेक्षा जास्त निर्दयपणे करतात.

बर्लिनकराची पाळी आली तेव्हा त्यानं 'फ्लीट फॉक्सेस' पाठवला, २००८ चा, बँडच्याच नावाचा. थंडीत घोंगडी ओढून ऐकावा असा. हे लोकसंगीत झालं, रॉक कुठाय, असा आवाज उठणार होता, पण बँड सिॲटलचा निघाल्यामुळे मुख्य तक्रारदार गप्प बसला. त्याच्या मुखपृष्ठावर पीटर ब्रूगलचं १५५९ चं चित्र आहे आणि मूळ चित्र बर्लिनच्या गेमाल्डेगॅलरीत. बर्लिनकर ऑफिस सुटल्यावर तिथं गेला. चित्र फार मोठं नाही, सव्वा मीटरभर उंच आणि दीडेक मीटर रुंद, ओकच्या फळीवर. पण त्यात एक अख्खं गाव आहे आणि गावातला प्रत्येक माणूस एकेक म्हण जगतोय. शंभराहून जास्त म्हणी. एक जण खड्डा बुजवतोय, कारण त्यात वासरू आधीच बुडून मेलंय. डावीकडे खाली एक चिलखतवाला मांजराला घंटा बांधतोय. त्याच्या जवळच एक महाशय भिंतीवर डोकं आपटताहेत. मध्यभागी एक जण डुकरांपुढे गुलाब टाकतोय.

बर्लिनकराचा निरोप आला: "बैल गेला अन् झोपा केला, इथं आहे. मांजराच्या गळ्यात घंटा, आहे. गाढवाला गुळाची चव काय, तेही आहे, फक्त गाढवाचं डुक्कर झालंय. ताई, हा ब्रूगल नागपूरला राहून गेला का?" ती रात्र आम्ही फोनवर ते चित्र बोटांनी मोठं करून म्हणी शोधण्यात घालवली. अल्बम बाजूलाच राहिला. मँचेस्टरकरानं तो एकट्यानं तीनदा ऐकला म्हणे.

सिॲटलचं संग्रहालय मला तितकंसं भावलं नाही, न बघताच. म्युझियम ऑफ पॉप कल्चर. मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलननं उभारलेलं, २००० साली उघडलेलं, फ्रँक गेरीनं बांधलेलं. बाहेरून चुरगाळलेल्या रंगीत पत्र्यासारखं दिसतं आणि त्याच्या पोटातून मोनोरेल जाते. सिॲटलकरानं तिथून निवडलेली वस्तू होती निर्वानाचा गायक कर्ट कोबेन यानं फोडलेली गिटार. फोडलेली गिटार आता कुणी फोडू नये म्हणून काचेत ठेवलीय, यावर मी हसले, आणि तो पुन्हा दोन दिवस बोलला नाही.

मँचेस्टरकर बोलतो कमी. त्यानं पाठवला जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स', १९७९ चा. तो त्यांच्या गावचा अभिमान, जसा आमचा केसरीवाडा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या खडबडीत रेघा, एकाखाली एक. फर्ग्युसन रस्त्यावर ह्या चित्राचे टी-शर्ट ढिगानं मिळतात. तिथला एक विक्रेता मला म्हणाला होता, "ताई, हा डोंगरवाला घ्या, लई चालतो." डोंगर नव्हेत ते. ते आहेत एका स्पंदक ताऱ्याचे, म्हणजे पल्सारचे, ऐंशी ठोके, एकाखाली एक मांडलेले. हा तारा १९६७ साली केंब्रिजला जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला सापडला. दर १.३४ सेकंदाला न चुकता एक ठोका. सापडलेला हा पहिलाच पल्सार. १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. हॅरोल्ड क्राफ्टनं पीएच.डी.च्या प्रबंधात त्या ठोक्यांचा आलेख काढला, पुढे तो खगोलशास्त्राच्या एका कोशात छापला गेला, तिथं बँडच्या नजरेला पडला आणि पीटर सॅव्हिलनं काळ्यावर पांढरा करून मुखपृष्ठ केलं. गुलाबांची टोपलीही त्याचीच कामगिरी.

इथं मात्र माझी कॉलर ताठ झाली. पल्सारांचे ठोके ऐकणारी दुर्बीण जुन्नर तालुक्यात आहे! नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण: पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, द्राक्षांच्या नि टोमॅटोच्या शेतांमध्ये पसरलेल्या. मी हे सांगितल्यावर मँचेस्टरकरानं आयुष्यात पहिल्यांदा उद्गारचिन्ह वापरलं. मग वाद: दुर्बीण ही संग्रहालयातली वस्तू धरायची का? राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीला, ती लोकांना बघायला खुली असते, शाळेतल्या मुलांची प्रदर्शनं मांडलेली असतात, तेव्हा धरायची, असा निकाल लागला.

माझी स्वतःची वस्तू केळकर संग्रहालयातली होती. अडकित्ते आणि मस्तानी महाल सगळेच सांगतात, म्हणून मी वज्री निवडली. पितळेची, टाचा घासायची, वर पक्षी बसलेला. आतल्या पोकळीत खडे घातलेली वज्री घासताना खुळखुळते. लंडनकरच्या आजीकडे अशी होती, ती हळवी झाली. सिॲटलकरानं विचारलं, म्हणजे आंघोळीला ताल धरायचं वाद्य का? काव्यात 'अज्ञातवासी' नाव घेणाऱ्या दिनकर केळकरांनी, अकाली गेलेल्या आपल्या लहानग्या मुलाच्या, राजाच्या, नावानं, टाचा घासायच्या वस्तूही इतक्या मायेनं का जमवल्या असतील, ते मी टाइप करायला घेतलं, पण तोवर मंडळी वज्रीवर ड्रम कसा वाजेल यात रंगली होती.

अल्बम म्हणून मी इंडियन ओशन या आपल्याकडच्या बँडचा 'कंदीसा' पाठवला, २००० चा. त्यातलं शीर्षकगीत केरळच्या सिरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन प्रार्थनेवरचं, आणि 'मा रेवा' नर्मदेचं. हे आल्टरनेटिव्ह आहे का, यावर अजून घमासान चालू आहे. बर्लिनकर म्हणतो फ्यूजन, लंडनकर म्हणते नावं ठेवण्यापेक्षा ऐक. मँचेस्टरकरानं त्यावर काही मत दिलं नाही. त्यानं फक्त विचारलंय की फेब्रुवारीत पुण्याहून नारायणगावला एसटी कुठून सुटते. वाकडेवाडीहून, मी कळवलंय. खिडकीची जागा पकड, हेही.