नारळाला डोळे असतात

रविवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, मागच्या बाजूला धप्प आवाज झाला आणि पाठोपाठ कुठल्याशा गाडीचा अलार्म बोंबलायला लागला. गॅलरीतून वाकून पाहिलं. आमच्या सोसायटीच्या माडावरून एक असोला नारळ दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या कोऱ्या गाडीच्या बॉनेटवर उतरला होता. पूजेचा हार अजून पुढच्या जाळीला लटकत होता. शेजारी बनियनवरच खाली धावले. मीही गेलो. नारळ पडला की बघायला धावायचं, ही माझी लहानपणची खोड.

काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "नारळाला डोळे असतात हो. माणसाच्या डोक्यात कधी पडायचा नाही."

"मग एवढी लालभडक गाडी दिसली नाही त्याला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या आजीकडेही नसतं.

वर आलो तर झोप उडालेली. वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने गणित मांडलं. नारळ दीड किलोचा धरला. माडाचा शेंडा सहाव्या मजल्याच्या खिडकीला लागतो, म्हणजे उंची वीसेक मीटर. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची : १.५ × ९.८ × २०. उत्तर २९४ ज्यूल. ही झाली वर लटकतानाची स्थितिज ऊर्जा. सुटल्यावर तीच उतरत उतरत गतिज होते, आणि हवेचा अडथळा सोडून दिला तर बॉनेटला टेकताना नारळाचा वेग ताशी ७१ किलोमीटर भरतो. आमच्या गल्लीत ती गाडीसुद्धा कधी एवढी पळणार नाही.

नववीत 'कार्य आणि ऊर्जा' शिकवताना सरांनी डस्टर टेबलाच्या अगदी कडेला ठेवलं होतं. "याची स्थितिज ऊर्जा किती?" आम्ही उंची मोजायला निघालो तर म्हणाले, "कुठून मोजणार? टेबलापासून मोजली तर शून्य. फरशीपासून मोजली तर आहे." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, विहिरीत पडलं तर?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मग आणखी जास्त. विहीर जेवढी खोल, तेवढी जास्त."

बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी मात्र हबकलो. म्हणजे नारळ वर गप्प लटकलेला, त्याच्या देठालाही पत्ता नाही, आणि खाली कोणी विहीर खणली की हिशेब बदलला? पुढे कधीतरी कळलं की ही ऊर्जा एकट्या नारळाची नसतेच, नारळ आणि पृथ्वी अशा दोघांच्या सामायिक खात्यात असते. तोवर परीक्षा होऊन गेली होती.

आजोळी गुहागरला उन्हाळ्यात आम्ही खळ्यात झोपायचो. रात्री वाडीत नारळ पडायचा आणि आजी अंधारातच कूस न बदलता सांगायची, "विहिरीकडचा." आवाजावरून. शिंपण केलेल्या ओल्या आळ्यात पडला तर जड धप्प, जांभ्याच्या गडग्यावर आपटला तर कोरडा टण्ण, वाळक्या झावळ्यांवर पडला तर आधी खसफस आणि मग आवाज. विहिरीत पडला तर डुबुक्, आणि मग आजी हमखास उठून बसायची, कारण सकाळी तो काढायचा कोणी हा प्रश्न. आम्ही पोरं उजाडताच पळायचो. ज्याला सापडेल त्याला खोबऱ्याचा मोठा तुकडा.

पावसाळ्यात चिखलात खळगे पडायचे. दारातल्या सिंगापुरी माडाचा नारळ पाचेक मीटरवरून यायचा आणि जेमतेम ठसा उठवायचा. मागच्या उंच माडाचा रुतून बसायचा. हेच १७२२च्या सुमारास हॉलंडमध्ये ग्रॅव्हेसांडे नावाच्या प्राध्यापकाने मऊ चिकणमातीत पितळी गोळे टाकून पाहिलं होतं : वेग दुप्पट केला की खड्डा चौपट खोल. फ्रान्सच्या एमिली द्यु शातले बाईंनी तो प्रयोग उचलून धरला आणि १७४०च्या आपल्या पुस्तकात पडणाऱ्या वस्तूचा जोर वेगाच्या वर्गावर मोजायचा असतो असं ठणकावून मांडलं. आम्हाला तो खड्डा फुकट दिसत होता. आम्ही त्यात पाय घालून बसायचो.

गणित करायला बसलं की थांबवत नाही. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण साडेतीनशे किलोकॅलरी असतात. म्हणजे पोह्यांवर घातलेल्या मोठ्या चमचाभर, दहा ग्रॅम चवात जवळजवळ दीड लाख ज्यूल. बॉनेट चेपवणाऱ्या त्या पडण्याच्या पाचशे पट. एवढं सगळं आपण कोथिंबिरीबरोबर भुरभुरवतो, आणि गाडीचा अलार्म वाजत नाही.

संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली : 'माडाखाली वाहने लावू नयेत. नारळ पडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' मंगळवारी नारळ काढायला माणूस आला. शिडशिडीत, पन्नाशीचा, पंचावन्न किलोंच्या वर नसेल. पायात दोरीचा फास, कमरेला कोयती. बघता बघता सहाव्या मजल्याच्या खिडकीशी पोचला. मी खाली उभा राहून, हो, हिशेब केला : जवळजवळ अकरा हजार ज्यूल. पोह्यांवरच्या एका चिमटीत भागतं. पुस्तकाप्रमाणे खाली उतरला की गुरुत्वाकर्षणाने केलेलं एकूण कार्य शून्य.

त्याला म्हटलं, "चढायला दमणूक होत असेल ना?"

"चढायचे पैसे घेतो," तो म्हणाला. "उतरणं फुकट."

तो उतरत असताना मी पाहत होतो. चढण्यापेक्षा उतरायला त्याला जास्त वेळ लागला. खोडाला मिठी मारून, वीतवीत, तळवे घासत, दर हाताला थांबत. वर साठवलेले ते अकरा हजार ज्यूल नारळासारखे एकदम सोडून द्यायची त्याला सोय नव्हती.

पैसे देताना त्याचा तळहात माझ्या बोटांना लागला. खरखरीत होता, आणि चांगलाच गरम.