शाळेची भाजीबाग : माती, बियाणं सगळं मिळालं, अडलं ते नळापाशी (माझा अनुभव)

माती मिळाली, बियाणं मिळालं, वाफे करायला पालक सुट्टीच्या दिवशी येऊन राबले, मुख्याध्यापिका बाईंनी पहिल्याच बैठकीत हो म्हटलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते पाण्याबद्दल, कारण ते आठवलं की अजूनही डोकं तापतं आणि शाळेत भाजीबाग करू पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाचा असा वेळ जाऊ नये असं मनापासून वाटतं.

जागा ठरवताना आम्ही ऊन बघितलं. फळभाज्यांना दिवसाला निदान सहा तास थेट ऊन लागतं, म्हणून मैदानाच्या कडेची पट्टी घेतली. तिथे नळ नव्हता, मग नवीन नळासाठी अर्ज केला. ऑफिसात म्हणाले नकाशा जोडा. जोडला. मग म्हणाले नकाशात पाईप कुठून जाणार ते दाखवा. दाखवलं. मग देखभाल विभागाची सही हवी, तिकडे गेले तर ते म्हणतात आधी ऑफिसचं पत्र आणा, आणि ऑफिस म्हणतं सही असल्याशिवाय पत्र निघत नाही. दोन्ही टेबलं एकाच जिन्याच्या वर-खाली आणि फाईल मात्र मीच वर-खाली नेतेय! प्रश्न विचारले याचा राग नाही, पाणी शाळेचं आहे, विचारायलाच हवं. राग याचा की सगळ्या त्रुटी एकदम कुणी सांगितल्या नाहीत. एक निस्तरली की दुसरी, आणि प्रत्येक वेळी फाईल पुन्हा गठ्ठ्याच्या तळाशी. सगळ्यात शेवटी विचारलं की मोठ्या सुट्टीत पाणी कोण घालणार, त्याचं नाव लिहून द्या. अहो, हाच तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, तो पहिल्या दिवशी का नाही विचारला?

तोवर इकडे वर्गात बरणीत रुजवलेला घेवडा मोठा होत होता. मुळं फुटली, दोन जाड दलं उघडली, पानं आली, आणि मग ऊन कमी पडून वेल फिकट, लांबट होत खिडकीकडे वाकला. मुलं रोज विचारायची, "बाई, आज लावायचं ना?" आणि मला रोज नाही म्हणावं लागायचं, त्याचा त्रास फाईलपेक्षा जास्त झाला.

सुटलं कसं, तर एक दिवस देखभालीच्या काकांना म्हटलं तुम्ही फक्त जागेवर चला. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, नवा नळ कशाला? हात धुवायच्या नळाला दुतोंडी कॉक बसवू आणि भिंतीच्या कडेने पाईप ओढू." झालं! नवीन जोडणीच नको म्हटल्यावर नुसता असलेल्या नळाचा वापर, त्याला मुख्याध्यापिका बाईंची एक सही पुरली आणि लगेच पाणी आलं.

म्हणून सांगते, अर्ज लिहायच्या आधी नळ सांभाळणाऱ्या माणसाला जागा दाखवा. तरीही अर्ज करावाच लागला तर देतानाच म्हणा की अजून जे जे लागेल ते आत्ताच लिहून द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पाईप येण्याजाण्याच्या वाटेवरून नेऊ नका, मुलं धावताना अडखळतात. पाणी कमी लागावं म्हणून वाफ्यावर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरा, फक्त तो खोडाला चिकटू देऊ नका.

वाफा तीन फुटांपेक्षा रुंद नको, मुलांचा हात बाहेरून मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर ती आत पाय ठेवतात आणि माती दबते. पहिलं पीक मुळ्याचंच घ्या, तीन ते पाच दिवसांत उगवतो आणि लवकर येणाऱ्या जाती महिन्याभरात निघतात. टोमॅटो रोप लावल्यापासून दोन-अडीच महिने घेतो, तोवर सत्र संपतं. आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, जुन्या इमारतीच्या भिंतीचे रंगाचे पोपडे पडत असतील तर तिच्यालगत भाजी लावू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. माती तपासून घ्या नाहीतर बाहेरची चांगली माती आणून पेट्यांत लावा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, ताजं अजिबात नको, त्यात मुलांचे हात असतात.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. घेवडा फुलावर आला तेव्हा आम्ही एक रोप न उपटता खुरप्याने मातीसकट काढलं (उपटलं तर मुळांवरच्या गाठी तुटून मातीतच राहतात) आणि बादलीत हळूहळू धुतलं. मुळांवर बारीक गाठी दिसायला लागल्या. एकाने नखाने एक फोडली तर आत गुलाबी! "बाई, रक्त आहे?" मग लेगहिमोग्लोबिनचा विषय निघाला, तो गुलाबी रंग त्याचाच. ते आपल्या हिमोग्लोबिनचंच भावंड, ते गाठीतला ऑक्सिजन ताब्यात ठेवतं म्हणून आतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देऊ शकतात. हाच धडा मी फळ्यावर कितीतरी वर्षं शिकवलाय, एवढे प्रश्न कधीच आले नव्हते. मला त्या दिवशी मुलांचा फार अभिमान वाटला.

आणि हो, सुट्टीतल्या पाण्याची यादी कराल तेव्हा प्रत्येक नावापुढे एक बदली नाव लिहा आणि गेटची किल्ली त्या दिवशी कुणाकडे असेल तेही लिहा, नाहीतर पाणी घालायला आलेला माणूस बाहेरूनच परत जातो.