पूजा करता, तर मग जाळता कशाला?

पोळा जवळ आला की हा प्रश्न मला हमखास येतो. पहिल्यांदा पुण्याच्या जाऊबाईंनी विचारला होता, आता आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या बिल्डिंगमधे बदली होऊन आलेले लोक विचारतात, मारबतीचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मिरवून जाळतात त्या बाईच्या पुतळ्याचे, व्हिडिओ बघितलेले असतात त्यांनी, की अहो ही देवी आहे की राक्षसीण? बायका ओटी भरतात, नारळ फोडतात, लेकरं पायावर घालतात, आणि त्याच दिवशी तिलाच जाळून टाकता, हे कसं काय? मी दरवेळी लिफ्टमधे उभ्या उभ्या काहीतरी दोन वाक्यं सांगते आणि घरी येऊन वाटतं की हे असं सांगायची गोष्ट नव्हती. तर आज सगळं सांगते.

आधी गावचं. माझं आजोळ उमरेडकडचं. श्रावणातल्या अमावस्येला पोळा, त्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, हळद-तूप लावायचं आणि त्यांना सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याला सजवलेल्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहायच्या, झडत्या, म्हणजे पोळ्याची म्हणायची गाणी, व्हायच्या, एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव, मग बैल घरोघरी जेवायला. हे सगळं बाहेरच्यांना थोडंफार माहीत असतं. माहीत नसतं ते दुसऱ्या दिवशीचं. पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात, आणि करीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या, दिवशी उजाडायच्या आत ते मेढे उचलून गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचे, मोठ्यानं ओरडत, "ईडा, पीडा, रोगराई, ढेकूण, मुरकुटं घेऊन जाय गे मारबत!" आम्ही पोरं अर्धवट झोपेत मामाच्या मागे पळायचो, चिखलात चप्पल रुतायची, आणि ओरडायची एवढी मजा की घसा बसेपर्यंत ओरडायचो. आता विचार करते तेव्हा लक्षात येतं की हे बरोबर त्याच दिवसात का आहे. दोन अडीच महिने पाऊस पडून गेलेला असतो, डबकी साचलेली, माश्या, डास, हिवताप, हगवण, लेकरांचे आणि म्हाताऱ्यांचे हाल व्हायचे दिवस हेच. ज्या काळात औषध नव्हतं त्या काळात माणूस निदान एक करू शकत होता, दुखण्याला नाव घेऊन बाहेर हो म्हणू शकत होता.

नागपुरात हीच डहाळी पुतळा होऊन दोन माणसांहून उंच झाली, आणि एक नाही, दोन मारबती झाल्या. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची असं सांगतात. पिवळी तेली समाजाची, जागनाथ बुधवारीतून निघते, काळी इतवारीतून, आणि नेहरू पुतळ्याजवळ दोघी समोरासमोर येतात तेव्हा जो गलका होतो तो मी लिहून सांगू शकत नाही, छपरांवर माणसं, गॅलऱ्यांमधे माणसं, विजेच्या तारा वर उचलायला पोरं लांब बांबू घेऊन पुढे. सोबत बडगे असतात, म्हणजे पुरुषांचे पुतळे, फाटकी पोती, जुने जोडे, कागद काय वाट्टेल ते लावून केलेले, आणि त्यांच्यावर त्या त्या वर्षीचा राग लिहिलेला, महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे. ज्याचा त्रास झाला त्याचा बडगा. त्याच दिवशी तान्हा पोळाही असतो, लेकरं लाकडी बैल सजवून दारोदारी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात, आणि बऱ्याच घरी दुपारी मटण शिजत असतं कारण कर आहे. हे सगळं एकाच दिवशी.

आता काळ्या मारबतीची जी गोष्ट सगळे सांगतात, की ती नागपूरच्या राजांच्या, भोसल्यांच्या घरातली बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून लोकांनी तिचा पुतळा काढून जाळला, त्याबद्दल मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. बाकाबाई दुसऱ्या रघुजींची राणी. भोसले आणि इंग्रजांची सीताबर्डीची लढाई १८१७ ला झाली, पुढच्या वर्षी इंग्रजांनी तेव्हाचे राजे अप्पासाहेब यांना काढून एका लहान मुलाला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं कारभार या बाईकडे आला. तो मुलगा म्हणजे तिसरे रघुजी, ते १८५३ ला वारले, वारस नव्हता, इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी, त्यानं राज्य खालसा केलं. सत्तावन्नच्या उठावात ती इंग्रजांच्या बाजूनं राहिली हे खरं, आणि लोकांना त्याचा राग येणं पण खरं. पण ती १८५८ ला गेली आणि मारबत म्हणतात १८८१ ची. मधे तेवीस वर्षं. मला वाटतं रोगराई नेणारी मारबत लोकांकडे आधीपासून होतीच, गुलामीचं दुखणं मागून तिच्यावर चढवलं आणि त्याला एका बाईचं नाव दिलं. अख्खं राज्य गेलं त्याचा सगळा भार एका विधवा बाईच्या नावावर टाकलेला मला आवडत नाही, आणि माझ्या मुलीला मी ही गोष्ट सांगते तेव्हा तारखांसकट सांगते.

पण मूळ प्रश्न राहिलाच, पूजा का. याचं उत्तर मला आईनं दिलं होतं. धाकट्या भावाला लहानपणी खोकला होता, महिना झाला तरी जात नव्हता, डॉक्टरचं औषध सुरूच होतं, पण आई त्याला कडेवर घेऊन पिवळीकडे गेली, मी पदर धरून मागे. तिनं भावाचं डोकं मारबतीच्या पायाला टेकवलं, मग ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं रीतसर. मी विचारलं, आई, हिला तर आता जाळणार ना? आई म्हणाली, "जाळत नाही वो बाई, पोचवून देतो. आपल्या सगळ्यायचं दुखणं आंगावर घेऊन चालली ते. जाणारीले रिकाम्या हातानं कोनी धाडते का?"

बस, हेच उत्तर आहे. ओटी आपण देवीची भरतो तशी निघालेल्या बाईचीही भरतो, सासरी चाललेल्या लेकीची, पाहुणी आलेल्या बहिणीची. मारबत देवी आहे की राक्षसीण हे आईनं कधी ठरवलंच नाही, तिला त्याची गरज नव्हती. ती येते, आपलं नको ते घेते आणि जाते, आणि परत येऊ नये म्हणून जाळायचं असतं ते त्या दुखण्याला.

२०२० ला कोरोनामुळे मिरवणूक निघाली नाही. ऑगस्ट महिना, काका दवाखान्यात ऑक्सिजनवर, भेटायला कोणाला सोडत नव्हते, फोन वाजला की पोटात गोळा यायचा. करीच्या दिवशी पहाटे मला जाग आली तर आई चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत उभी. पळस कुठून आणणार, तिनं खालच्या कडुलिंबाची फांदी आदल्या दिवशी वॉचमनकडून मागून ठेवली होती. घरातले सगळे कोपरे त्या फांदीनं झटकून झाले होते. लोक झोपलेले म्हणून हळू आवाजात, जवळजवळ पुटपुटत म्हणत होती, कोरोना घेऊन जाय गे मारबत, आणि मग घरातल्या एकेकाचं नाव घेत होती, काकांचं दोनदा घेतलं. नंतर देवघराच्या कपाटात एक खण आणि नारळ ठेवून दिला. म्हणाली, तिची ओटी राहिली.

मिरवणूक परत सुरू झाली त्या वर्षी आई जागनाथ बुधवारीत गेली तेव्हा पिशवीत एक ओटी त्या वर्षीची होती आणि बाकीच्या राहिलेल्या. पिशवी काकांनी धरली होती.