मुरी कोणत्या ओढ्याची?

पावसाळा सरला की ओळखीचे लोक मला बोटाएवढ्या माशाचा फोटो पाठवतात. मिशा, अंगावर पट्टे, खाली प्रश्न: "ताई, ही कोणती मुरी?" मुरी म्हणजे ओढ्याच्या तळाशी राहणारा लहान मासा, इंग्रजीत लोच; मी घरी टँकमध्ये मुऱ्या पाळते. मी आधी विचारते, कुठल्या ओढ्यातली?

ते कळल्याशिवाय मी नाव सांगत नाही. फ्रान्सिस डे या ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञाने १८७२ साली पुण्याच्या माशांवरून इंडोरिओनेक्टेस इव्हेझार्डी ही जात नोंदवली. पुढे सह्याद्रीतल्या तशाच दिसणाऱ्या मुऱ्यांना सर्रास तेच नाव मिळत गेलं. २०२१ मध्ये त्यांतूनच दोन नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या: गोदावरी खोऱ्यातली नीलेशी आणि कृष्णा खोऱ्यातली राजीवी. पाणलोट बदलला की मासाही बदललेला असू शकतो. दुकानातल्या 'जंगली लोच'चं गाव कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून ती मी घेत नाही.

गट ओळखणं त्यामानाने सोपं. मासा पाण्यासकट पारदर्शक डबीत घ्यायचा आणि बाजूने बघायचा. पुढच्या नाकपुडीचं टोक मिशीसारखं लांबलेलं दिसलं तर इंडोरिओनेक्टेस. ठसठशीत उभे पट्टे, शेपटीच्या मुळाशी काळी रेघ, शेपटीला हलकी खाच: शिस्टुरा. पाठीवरचा पर लांब आणि शेपटीच्या मुळाशी वरच्या अंगाला डोळ्यासारखा काळा ठिपका असेल तर पॅराकँथोकोबायटिस. डोळ्याखाली दुतोंडी काटा असेल तर ती वाळूत घुसणारी लेपिडोसेफॅलिक्थिस. तिला जाळीने उचलू नका, काटा जाळीत अडकतो आणि मासा जखमी होतो.

माझ्या टँकमध्ये बारीक नदीची वाळू, गुळगुळीत गोटे आणि एका टोकाकडून जोरात वाहणारं पाणी आहे. गोटे एकमेकांवर असे रचलेत की दोन शिस्टुरांची नजरानजर होत नाही. जागेवरून त्या फार भांडतात. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधलाय, नाहीतर मासे आत शिरतात. झाकण घट्टच हवं. पुण्याच्या मे महिन्यात पाण्यावर पंखा सोडते, कारण पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो. नवीन टँकमध्ये मुरी सोडायची घाई कुणी करू नये, गोट्यांवर हिरवट थर धरू द्यावा. औषधांच्या बाबतीतही जपावं. यांच्या अंगावर खवले नावापुरतेच असतात, त्यामुळे तांब्याचं औषध इतर माशांच्या मात्रेत देत नाही.

खाणं तळाशी पोचायला हवं. दिवे मालवल्यावर ब्लडवर्म (माशांना खायला घालतात त्या लाल अळ्या) टाकते, नाहीतर वरचे मासे सगळं फस्त करतात आणि मुरीचं पोट खपाटीला जातं.

प्रत्येक टँकवर ओढ्याचं नाव आणि नदीचं खोरं लिहिलेली चिठ्ठी आहे. दोन खोऱ्यांतले मासे मी एकत्र ठेवत नाही. आणि टँकमधली मुरी परत ओढ्यात सोडत नाही, अगदी तिच्याच ओढ्यातसुद्धा. टँकमधला रोग तिच्यासोबत तिथे पोचू शकतो.