फटीतलं सुख

दुपारी पंख्याखाली लोळताना भिंतीकडे नजर जाते, तर कॅलेंडरखालून एक शेपूट डोकावत असतं. मागे जागा बोटभर. पालीला तेवढी पुरते. खरं तर त्याहून जास्त नकोच असते. पाठ वर टेकली, पोट खाली टेकलं की ती निवांत.

लेपर्ड गेको पाळणाऱ्यांना हे उशिरा उमगतं. ही पाल मूळची पाकिस्तान-अफगाणिस्तानकडच्या खडकाळ माळांवरची. दिवसभर दगडाखाली, बाहेर पडणार कातरवेळी. तिला तीन फुटी काचपेटीत आणायचं आणि आत एकच ऐसपैस गुहा ठेवायची, म्हणजे मुंगीला दिवाणखाना दिल्यासारखं. मग ती काचेवर पाय मारत उभी राहते आणि घरचे म्हणतात, खेळतेय बघा! खेळतेय कुठली, पळायला वाट शोधतेय.

गुहा दोन हव्यातच. एक गरम बाजूला, जिथला तळ ३१ ते ३३ अंश सेल्सिअस. दुसरी थंड बाजूला, २४-२५ अंशांवर. एकच असली तर ऊब घ्यायची की आडोसा, असा पेच पडतो. भेदरलेली पाल आडोसा निवडते, अंग गार राहतं आणि खाल्लेलं पचत नाही. गरम बाजूच्या तळाशी ऊब देणारा विजेचा पाटा असतो, त्याला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारं यंत्र, हवाच, नाहीतर पोट भाजतं. शिवाय ओलं मॉस (शेवाळ) घातलेली एक झाकणाची डबी, दार कापलेली. ती कात टाकण्यासाठी. कोरड्या पेटीत बोटांवर कातीची वळी अडकून राहतात, रक्त अडतं आणि बोट झडतं. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून गडद कागद लावावा. कागद फुकटात मिळतो, तरी लोक तो लावत नाहीत. शोभा जाते म्हणे.

'एकटी कंटाळेल' म्हणून दुसरी आणणाऱ्यांचा मला विशेष राग आहे. दोघी एकाच गुहेत एकमेकींवर पसरल्या, तर ती माया नव्हे, उबदार जागेवरचा कब्जा असतो.

नवी आणलेली पाल पहिले एक-दोन आठवडे हाताळू नये. पाणी बदलावं, संध्याकाळी किडे सोडावेत, उरलेले रातकिडे काढून घ्यावेत, कारण ते रात्री तिलाच चावतात. हात वरून आणू नका, वरून येतो तो शिकारी पक्षी. बाजूने, खालच्या अंगाने न्या. शेपूट सावकाश डोलायला लागलं, तर ती बिथरलीय, हात मागे. नाहीतर शेपूट टाकून देईल. तुटलेलं शेपूट पुन्हा येतं, पण बेढब. आणि त्यात साठवलेली चरबी तर गेलीच.

एवढं सगळं केलं की ती दिवसभर दिसतच नाही. पाहुणे हिरमुसतात. त्यांना चहा द्यावा.