केर्नावेच्या टेकड्या

सोमवार, रात्र

आज सकाळी व्हिल्नियसहून बसने केर्नावेला गेले. लिथुएनियातील हे लहानसे गाव नेरिस नदीच्या काठी, उंचावर वसलेले आहे आणि त्याच्या कडेला पाच टेकडी-किल्ले आहेत. किल्ला म्हटले की तट, बुरूज आणि दगडी दरवाजा शोधणारी आपली नजर इथे बराच वेळ रिकामी फिरते, कारण इथली तटबंदी लाकडाची आणि मातीची होती. लाकूड गेले, उरले ते माणसांच्या हातांनी तासलेले उभे उतार आणि त्यांवरचे गवत.

मी सर्वांत जास्त वेळ बसले ती औकुरास, म्हणजे वेदीची टेकडी. इथे पवित्र अग्नी तेवत असे, अशी लोकश्रद्धा आहे. लिथुएनियन भाषेत अग्नीला ‘उग्निस’ म्हणतात. तो शब्द मी तिथे दोनतीनदा हळूच उच्चारला आणि अंगावर शहारा आला. उत्खननात मात्र या टेकडीवर तेराव्या-चौदाव्या शतकांतील राजवाड्याच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या आहेत. तरीही लोकांनी दिलेले नाव मला चुकीचे म्हणवत नाही. ज्यांच्या देशाने १३८७ मध्ये नवा, ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ज्यांचे गाव १३९० मध्ये ट्युटॉनिक सरदारांच्या, म्हणजे जर्मन ख्रिस्ती लढवय्या संघाच्या, स्वारीत जळाले, त्यांनी राजा विसरून अग्नी लक्षात ठेवला असेल, तर ते मला समजते.

शेजारची टेकडी लिझ्देइकाची. दंतकथेनुसार हा गरुडाच्या घरट्यात सापडलेला जुन्या धर्माचा मुख्य पुजारी. ‘लिझ्दास’ म्हणजे घरटे.

खालच्या दरीला पायौताचे नाव आहे. जुन्या इतिवृत्तांतील कथेनुसार ती केर्नावे वसवणाऱ्या केर्नियसची मुलगी. तिच्या मृत्यूनंतर मुलाने एका तळ्याकाठी तिची मूर्ती उभारली, ती कुजून गेल्यावर त्याच जागी लिंडनची झाडे उगवली आणि लोक त्या झाडांनाच पूजू लागले. ही कथा मला इथल्या सगळ्या कथांत खरी वाटली, कारण इथे आईची मूर्तीसुद्धा कुजणारी आहे.

दुपारी दरीत उतरले. जळालेले गाव पुन्हा इथे वसले नाही, लोक वर राहायला गेले आणि पुराच्या गाळाने खालचे सारे झाकून टाकले. त्या ओल्या मातीत लाकडी रस्त्याच्या फळ्या टिकून राहिल्या. मी परतीच्या बसपर्यंत तिथेच, गवतावर बसून होते.