एका केबलचा संसार

लॅपटॉप नावाच्या यंत्रात एक भांडण जन्मापासूनच आहे. त्याचा पडदा आणि त्याचा कीबोर्ड एकाच बिजागरीला बांधलेले. हातांना सोयीचं म्हणून तो टेबलावर ठेवला, तर पडदा छातीच्या उंचीवर येतो आणि मान खाली जाते. मानेची दया येऊन त्याच्याखाली चार जाडजूड पुस्तकं सरकवली, तर पडदा डोळ्यांसमोर येतो, पण मनगटं अधांतरी लोंबकळतात. दोघांना एकाच वेळी खूष ठेवणं त्या बिजागरीच्या हातात नाही. प्रवासात तासभर हे चालून जातं. रोज दिवसभर तेच केलं की मान कधी ना कधी हिशेब मागतेच.

मोठा मॉनिटर घेताना मात्र मानेचं नाव कुणी काढत नाही. स्प्रेडशीटचे सगळे कॉलम एकदम दिसतील, दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडता येतील, अशी कारणं सांगितली जातात. ती खरीच आहेत. पण मला विचाराल तर मॉनिटरचा पहिला उपकार हा, की त्याने पडदा आणि कीबोर्ड यांचा काडीमोड करून दिला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर साधारण हातभर, आणि कीबोर्ड मात्र कोपरांना हवा तिथे. बाकीचं सगळं नंतर.

आकाराचा हिशेब तसा फसवा असतो. पडदा तिरका मोजायची रीत काचेच्या पिक्चर ट्यूबच्या काळापासून चालत आलेली. त्यामुळे २७ इंची मॉनिटर १४ इंची लॅपटॉपच्या धड दुप्पटही नाही, असं कागदावर वाटतं. टेबलावर ठेवल्यावर छाती दडपते. कारण तिरकी रेषा जवळपास दुप्पट झाली की क्षेत्रफळ जवळपास चौपट होतं. सुमारे ६० सेंटिमीटर रुंद आणि ३४ सेंटिमीटर उंच अशी ती खिडकी. पहिले काही दिवस तर तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघताना डोकं वळवावं लागतं, टेनिसचा सामना बघणाऱ्या प्रेक्षकासारखं.

मग येतो 'फोर के'चा मोह. ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके. पण एवढे ठिपके मिळाले म्हणून तेवढी जागा मिळते असं नाही. २७ इंची पडद्यावर सगळं मूळ मापात ठेवलं, तर मेनूतली अक्षरं मुंगीएवढी होतात. मग माणूस मुकाट सेटिंगमध्ये जाऊन १५० टक्के करतो आणि जागा उरते २५६० बाय १४४० ठिपक्यांच्या पडद्यावर मिळाली असती तेवढीच. उरलेले ठिपके वाया जात नाहीत, ते अक्षरांच्या वळणांत खर्ची पडतात. इंग्रजी वाचणाऱ्याला ही चैन वाटू शकेल. देवनागरी वाचणाऱ्याला नाही. याच आकाराच्या फुल एचडी पडद्यावर एका इंचात जेमतेम ८२ ठिपके असतात. तिथे अनुस्वार एखाद्या ठिपक्यावर कसाबसा तग धरून असतो, 'द्ध' आणि 'द्व' एकमेकांचे कपडे घालून हिंडतात आणि उकार ह्रस्व की दीर्घ हे संदर्भाने ठरवावं लागतं. फोर केमध्ये त्याच इंचात १६३ ठिपके बसतात. मुद्रितं तपासणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही, त्याच्या कपाळावरच्या आठ्याच कमी होतात.

हे झालं पडद्याचं. पण हल्लीच्या मॉनिटरच्या पाठीत आणखी एक प्राणी राहतो, तो म्हणजे डॉक: सगळ्या वायरी स्वतःकडे घेऊन लॅपटॉपशी एकाच केबलने बोलणारा. पूर्वी लॅपटॉप टेबलावर आणला की चार्जर, चित्राची वायर, माउसची, कीबोर्डची, नेटची, असेल तर हार्ड डिस्कची, अशा सगळ्या वायरी एकेक करून जोडायच्या आणि निघताना एकेक करून उपटायच्या. एक ना धड भाराभर चिंध्या. त्यामुळे व्हायचं काय, की जोडलेला लॅपटॉप कुणी काढायचंच नाही. घेतला हिंडता यावं म्हणून, आणि बसला बुडाखाली मुळं फुटल्यासारखा.

या जाचातून सुटायची धडपड जुनी आहे. ॲपलने १९९२ मध्ये पॉवरबुक ड्युओ काढला, त्याच्याबरोबर ड्युओ डॉक नावाची एक पेटी होती. व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवावी तसा मिटलेला लॅपटॉप त्या पेटीत सरकवायचा, की आतली मोटर त्याला ओढून घ्यायची. वर मॉनिटर ठेवला की लॅपटॉपचा झाला डेस्कटॉप. पुढे त्यांच्याच २००८ च्या २४ इंची मॉनिटरमधून एक केबल निघायची, तिला तीन तोंडं होती: एक चित्रासाठी, एक विजेसाठी, एक यूएसबीसाठी. २०११ च्या २७ इंचीत तोंडं दोन उरली. २०१४ मध्ये यूएसबी-सीचं ते छोटं, लांबटगोल, कसंही घाला तसं बसणारं तोंड जाहीर झालं, आणि चित्र, वीज, डेटा असं सगळं एकाच वाटेने जायला लागलं. तीनाची दोन आणि दोनाचं एक व्हायला एवढा काळ गेला.

ते एक तोंड खोचल्यावर आत जे घडतं, ते मला मॉनिटरवरच्या कुठल्याही चित्रपटापेक्षा जास्त आवडतं. बाहेरून दिसतं ते इतकंच: टक् आवाज, दोनेक सेकंद काळोख, मग चित्र. पण त्या दोन सेकंदांत रीतसर बोलणी होतात. आधी केबल सुलटी घातली आहे की उलटी याची चौकशी. मग फक्त ५ व्होल्ट, चाचपून बघितल्यासारखे. मग मॉनिटर सांगतो, माझ्याकडे अमुक अमुक व्होल्ट आहेत, इतके अँपिअर देऊ शकतो. लॅपटॉप त्यातलं एक निवडतो. आणि मग वीज २० व्होल्टवर चढते. त्यानंतर चित्राचा विषय निघतो. केबलमधल्या काही तारा यूएसबीचं काम बाजूला ठेवून चित्र वाहायला कबूल होतात.

आणि इथे खरी घासाघीस आहे. या केबलमध्ये जलद वाहतुकीच्या लेन चारच. फोर के चित्र सेकंदाला ६० वेळा रंगवायचं, तर दर सेकंदाला सुमारे १२ अब्ज बिट वाहावे लागतात. जुन्या पिढीच्या जोडणीत एवढा माल न्यायला चारही लेन लागतात. त्या चित्राला दिल्या की मॉनिटरच्या पाठीमागचे यूएसबी पोर्ट जुन्या, हळू वाटेवर येतात, सेकंदाला ४८ कोटी बिटांच्या. दोन लेन डेटासाठी राखल्या, तर चित्र सेकंदाला ३० वेळांवर उतरतं आणि माउसचा बाण पडद्यावरून सरकायचा सोडून टुणटुण उड्या मारत जातो. नव्या पिढीत दोन लेनमध्येही ते चित्र कसंबसं मावतं, आणि थंडरबोल्टसारखी रुंद वाट असेल तर प्रश्नच मिटतो. पण बऱ्याच मॉनिटरांच्या मेनूत खोलवर कुठेतरी हा पर्याय अजून दडलेला असतो: चित्र की वेग? बहुतेक लोक तिथे कधी जातच नाहीत. मॉनिटरच्या पाठीवर गिगाबिट नेटचं भोक आहे, केबलही चांगली आहे, मग वेग निम्म्यावर का, म्हणून ते नेट पुरवणाऱ्याशी भांडत बसतात. नेटचं ते भोकही आतून यूएसबीच्याच वाटेला लागलेलं असतं हे त्यांच्या गावीही नसतं.

विजेचंही तेच. मॉनिटर ६५ वॉट देणारा आणि लॅपटॉप त्याहून खादाड, अशी जोडी जमली की मजा असते. कोपऱ्यात चार्जिंगचं चिन्ह तेवत असतं आणि बॅटरीचे टक्के मात्र व्हिडिओ रेंडर होता होता गुपचूप खाली येत असतात. नुसतं लिहिणं-वाचणं असेल तर कळतही नाही. म्हणून मॉनिटर निवडताना माझी नजर इंचांच्या आधी वॉटवर जाते. दुकानदाराला ते विचित्र वाटतं.

मीटिंगमध्ये या थाटाचे तोटे उघडे पडतात. लॅपटॉप बाजूला, कॅमेरा त्याच्या कपाळावर आणि आपण बघतो मॉनिटरकडे. पलीकडच्या मंडळींना सबंध तासभर आपला एक कान दिसत राहतो. पडदा शेअर करायचा म्हटलं तर आपल्या प्रशस्त पडद्यावरचं सगळं त्यांच्या छोट्या लॅपटॉपवर आकसून जातं आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, ''जरा मोठं करता का?'' शिवाय लॅपटॉप डावीकडे ठेवला आहे हे संगणकाला सांगितलं नसेल, तर माउस डाव्या कडेला जाऊन थडकतो. मॉनिटरमधल्या स्पीकरांबद्दल न बोललेलं बरं.

जाणकार म्हणतात, डॉक वेगळा घ्या आणि मॉनिटर साधा. त्यांचं तर्कशास्त्र पक्कं आहे. चांगलं पॅनेल वर्षानुवर्षं टिकतं. त्याच्या पाठीतल्या पोर्टांची पिढी मात्र मधेच म्हातारी होते, आणि म्हाताऱ्या पोर्टासाठी ठणठणीत पडदा बदलायचा कोणी? डॉक वेगळा असेल तर तेवढाच बदलता येतो. पटतं मला. तरी मी त्यांच्या बाजूचा नाही. वेगळा डॉक म्हणजे टेबलावर आणखी एक खोकं आणि त्या खोक्याचा विटेएवढा अडॅप्टर. ज्या पसाऱ्यातून सुटायला हा सगळा खटाटोप केला, तोच नाव बदलून परत येतो. मॉनिटरच्या पाठीत डॉक असला की भिंतीकडे एक वायर जाते, लॅपटॉपकडे एक. बस.

आणि खरी गंमत बसण्यात नाही, उठण्यात आहे. लॅपटॉपने काम खांद्याला लटकावलं तेव्हापासून कामाला ठावठिकाणाच उरला नव्हता. पलंगावर काम, जेवणाच्या टेबलावर काम, गाडीत काम. मॉनिटर जागचा हलत नाही, त्यामुळे कामाला पुन्हा एक जागा मिळाली. पण जागा मिळाली तरी तिथून सुटायची सोय हवी ना. जुन्या वायरींच्या जंजाळात ती नव्हती. आता संध्याकाळी ते एक तोंड उपटलं की मॉनिटर काळा होतो, कीबोर्ड मुका होतो, माउस ठप्प. पडद्यावरच्या पसरलेल्या सगळ्या खिडक्या धावत येऊन लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर एकमेकींच्या अंगावर कोसळतात. त्यांच्याकडे बघून काम करायची इच्छाच होत नाही. ऑफिस सुटल्याची घंटा म्हणून एवढं पुरतं.

दोन लॅपटॉप असलेल्यांसाठी काही मॉनिटरांत केव्हीएम असतो. म्हणजे कीबोर्ड-माउसचा एकच जोड, एक बटण दाबलं की तो ऑफिसच्या लॅपटॉपकडून घरच्याकडे जातो. कल्पना झकास. फक्त ते बटण बहुतेक वेळा मॉनिटरच्या पाठीमागे, बोटांनी चाचपडून शोधायच्या जागी असतं आणि त्याच्या शेजारी हुबेहूब तशीच आणखी दोन. लॅपटॉप बदलायला जावं तर उजेड वाढतो.

पण या सगळ्या डोलाऱ्याचा खरा आधार ती केबल, आणि तिला घरात काडीची किंमत नाही. दिसतं तसं नसतं ही म्हण यूएसबी-सी केबलला जितकी लागू पडते तितकी माणसांनाही पडत नसेल. तोंड सगळ्यांचं सारखं, २४ पिनांसाठी घडवलेलं. पण फोनबरोबर येणाऱ्या पुष्कळशा केबलींत चित्र नेणाऱ्या जलद तारा मुळात घातलेल्याच नसतात. त्या वीज नेतात आणि जुन्या यूएसबीच्या वेगाने डेटा. ६० वॉटच्या वर वीज न्यायची तर केबलच्या तोंडात एक चिप लागते, जी दोन्ही बाजूंना सांगते की मला ५ अँपिअर झेपतात. ती नसेल तर मॉनिटर हात आखडता घेतो. हे सगळं केबलच्या अंगावर कुठेही लिहिलेलं नसतं, निदान माझ्या डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत तरी नाही. घरात मात्र ती फोन चार्ज करायची वायर म्हणूनच ओळखली जाते. टेबलावरून जाते, परत येते, आणि परत येते ती वेगळीच असते.

''बाबा, तुमची केबल जागेवर ठेवली आहे.''

''ही ती नाही. चार्जिंग होतंय, पण मॉनिटर काळाच आहे.''

''सेमच तर आहे. बघा, बसते आहे की बरोबर!''

''बसते गं, पण ही फोनची. माझी जाड होती, काळी.''

''अहो, काळी तर आईने बॅगेत टाकली. तिचा चार्जर राहिला होता ना.''

आई स्टेशनवर पोचलेली असते. मीटिंग दहा मिनिटांवर आलेली असते. मी चार जाडजूड पुस्तकं शोधायला लागतो.